डॉक्टरीणबाईंचा डबा

माझ्या झाकणावरची फुलं आता पार पुसून गेलीत, कडेला गंज चढलाय. पण मित्रांनो, मी मूळचा बिस्किटांचा डबा बरं का! एका पाहुण्याच्या पिशवीतून मी या घरी आलो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली. मग आईने मला धुऊन पुसून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलं आणि माझ्यात औषधं भरली. केवढा अभिमान वाटला होता मला!

बाबा मालाची गाडी चालवायचे, त्यांची पाठ धरायची. आई कपडे शिवायची, तिचं डोकं चढायचं. रात्री दोघांनाही झोप लागायची नाही. सात वर्षांच्या लेकीने गोळ्यांच्या पाकिटांवर वेड्यावाकड्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या: 'पाठ', 'डोकं', 'झोप'. कोणी हाक मारली की मला छातीशी धरून ती धावत यायची.

"आल्या बघा आमच्या डॉक्टरीणबाई!" बाबा म्हणायचे. सगळे हसायचे आणि मीही खुळखुळायचो.

या घराची एक रीतच होती. कोणाचं काही बिनसलं, तर 'काय झालं?' असं कोणी विचारायचं नाही. "गोळी घे आणि पड जरा," एवढंच. आजोबा गेले तेव्हा आईचं रडू थांबेना, तर बाबांनी मलाच पुढे केलं. मला वाटायचं, माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही. मूर्ख होतो मी.

लेक पंधरा वर्षांची झाली. शाळा बदलली. नव्या वर्गात तिच्याशी कोणी बोलेना. एका दुपारी ती आईजवळ येऊन उभी राहिली.

"आई, मला शाळेत जावंसंच वाटत नाही गं."

आईची मान शिवणातून वर आली नाही. "डोकं दुखतंय का? डब्यातली घे एक."

तिने घेतली. पण 'डोकं' लिहिलेल्या पाकिटातली नाही, 'झोप' लिहिलेल्या पाकिटातली. मग ती रोजच घेऊ लागली.

वर्गातल्या मुलींना हे कळलं. "आम्हालाही आण ना!" कालपर्यंत तोंड फिरवणाऱ्या मुली आता तिला बोलवायला दारापर्यंत यायच्या. पोरीला मैत्रिणी मिळाल्या म्हणून घरात आनंदीआनंद!

पाकिटं लवकर संपू लागली, तशी घरात भांडणं सुरू झाली.

"अहो, किती गोळ्या घेता तुम्ही?"

"मी? तूच घेत असशील!"

लेक तिथेच जेवत होती. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठली वाचा?

शेवटी बाबांनी कपाटाला कुलूप लावलं. आता चावी कोणी ठेवायची? "आपल्या डॉक्टरीणबाईंकडे राहू दे," बाबा म्हणाले, "म्हणजे भांडणच नको." आईलाही ते पटलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. आईने हाका मारल्या, गदागदा हलवलं. बाबा तिला उचलून दवाखान्यात धावले. चावी तिच्या उशीखाली सापडली.

ती वाचली, मित्रांनो. पण आता ती व्यसन सोडवणाऱ्या केंद्रात असते. आई-बाबा रविवारी भेटून येतात. परवा आल्या आल्या आईने सवयीने मला उघडलं. आत 'झोप' लिहिलेली एक सुटी चिठ्ठी तेवढी उरली होती.

"डोकं दुखतंय का?" बाबांनी विचारलं.

"नाही हो," आई म्हणाली. "आज तरी विचारा ना मला, काय झालं म्हणून."

बाबा तिच्याशेजारी खाली बसले. दोघंही रडत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल, तर त्याची चावी मोठ्यांकडेच असू द्या. आणि मन दुखलं तर सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, हात धरून सांगा. आमची पोर एकदाच म्हणाली होती. त्या दुपारी मी तिचं सगळं ऐकलं होतं, पण मी पडलो डबा.