देवाजीची आरोळी

देवाजीची आरोळी आली नाही, तशी बयनाबाई गोवऱ्या थापायची थांबली. भीमपूरच्या शिवारात राखणीच्या माळ्यावर उभा राहून तिचा नवरा जवारीवरची पाखरं हाकलायचा, तेव्हा नाल्यापलीकडले मोर उडायचे. यंदा ती आरोळी रोज तोकडी होत चालली होती. आज तीही नाही. शेणाच्या हातानंच ती वावराकडे धावली.

देवाजी माळ्याचा खांब धरून वाकला होता. राघू खुशाल कणसं फोडत होते.

"काय झालं वो?"

"काई नाई. कफ दाटला. एक दम मारला का मोकळं होते." त्यानं मुंडाशातून चिलीम काढली.

हेच त्याचं औषध, वीस वर्षांपासूनचं. महादेवाच्या पारावर तो आणि त्याचा सोबती फकिरा पैज लावून गांजाचा धूर छातीत कोंडून धरायचे. जो उशिरा सोडेल तो मर्द. फकिरा माघात गेला. शेवटचे आठ दिवस त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती, आणि तीच शिट्टी आता बयनाबाईला माळ्यावरून ऐकू येत होती. ती भ्याली, चांगलीच भ्याली.

"चला आदिलाबादले. आत्ताच!"

"मी का बिडी पेतो? हा त महादेवाचा परसाद हाये."

"परसाद होता त फकिराले काऊन नाई पचला?"

देवाजीनं चिलीम परत मुंडाशात खोचली. तो खाली उतरला.

दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला. "धुआँ रोक-रोक के फेफड़े में फुग्गे बन गए। एक भी फूटा तो..." त्यानं बयनाबाईकडे पाहिलं. "चिलम छोड़ो। खाँसी कम होगी। जो बिगड़ गया, वो वापस नहीं आता।"

येताना नाल्याशी बसमधून उतरल्यावर देवाजीनं चिलीम तिच्या हातात ठेवली. तिनं ती दगडावर आपटली, मग वर आणखी दोन दगड घातले. रागच तेवढा होता.

पंधरवड्यात खोकला उतरला, आरोळी मात्र परतली नाही. राखण तर करायलाच हवी. पदर खोचून बयनाबाई माळ्यावर चढली. "बाई वर अन् बाप्या खाली!" म्हणून पोरीबाळी हसल्या. हसोत बापड्या! खाली देवाजी डालड्याचा रिकामा डबा काठीनं बडवत बसे. डब्याच्या आवाजात जरा खंड पडला की ती आरोळी अर्धवट सोडायची आणि वाकून आधी त्याची छाती हलते का ते बघायची.

एका दुपारी ऊन असं तापलं की पाखरं झाडाझाडांत दडली. वावर रिकामं. तरी डबा वाजतच होता.

"अवो, एक पाखरू नाई वावरात. काऊन बडवून राह्यले?"

देवाजीनं आधी श्वास घेतला, मग मान वर केली.

"पाखरासाठी नाई वं. तू भेतं ना, म्हून."