नानाजींचा ढगांतला फोटो

नानाजींचा फोटो भिंतीवर लागला त्या दिवशी मी वाटीभर साखर मागायला त्यांच्या दारात गेले आणि माझे हात आपोआप जोडले गेले. फोटोच्या बरोबर खाली, खाटेवर बसून, नानाजी स्वतः पोहे खात होते.

"प्रेमिला, मी आहो वं अजून," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण चांगलीच ओशाळले.

चूक माझी एकटीची नव्हती. विणकर समाजाने जुन्या कारागिरांचा सत्कार ठेवला होता. त्यासाठी नानाजींच्या मुलाने, भूपेशने, मोबाइलमधला बापाचा फोटो इतवारी बाजारातल्या एका स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने पांढरे केस पाहिले आणि कोणाला न विचारता मागचं अंगण पुसून निळं आभाळ, त्यात ढग टाकले. कपाळाला गंध लावला, सोनेरी फ्रेम केली. म्हाताऱ्यांचे फोटो त्याच्याकडे बहुतेक एकाच कामासाठी येतात. मैनाबाईंनी नवऱ्याचा तो अवतार पाहून नाक मुरडलं. पण भूपेशला फोटो आवडला. सत्कार झाल्यावर त्याने तो गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या रांगेत टांगला.

त्याआधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की नानाजींच्या हृदयाची झडप बदलावी लागेल, माणूस काटक आहे, निभावून नेईल, पण उशीर नको. तेव्हा भूपेशने काय धावपळ केली! रजा टाकली, कागदपत्रं जमवली, रक्ताची सोय पाहिली. फोटो लागला आणि ते सगळं हळूहळू थंडावलं. पाहुणे आले की आधी वर पाहायचे, मग आवाज खाली आणायचे. "सोनं झालं गा तुमच्या आयुष्याचं," असं नानाजींना तोंडावर सांगायचे. सून काजल, गुणाची पोरगी, पण तीही न विचारता त्यांना मऊ खिचडी वाढू लागली. नानाजींनी मारुतीच्या देवळापर्यंतचं फिरणं सोडलं. ऑपरेशनचा विषय निघाला की भूपेश "पाहू" म्हणायचा.

मला याचा संताप येतो, कारण त्या घरात मनाने वाईट कोणीच नव्हतं. फोटो काही हुकूम सोडत नाही. तो नुसता समोर असतो, आणि माणसं त्याला शोभेल असं वागू लागतात.

एका सकाळी मी आणि मैनाबाई त्यांच्या दारात मेथी निवडत बसलो होतो. काजलने देवांना उदबत्ती ओवाळली आणि तशीच फोटोंच्या रांगेपुढून फिरवत नेली. तिचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं. नानाजींच्या फोटोलाही उदबत्ती झाली. नानाजींनी ते पाहिलं. भिंत धरून ते उठले, स्वतःच्या फोटोपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"कोणाले नमस्कार करून राहिले तुम्ही?" मैनाबाईंनी विचारलं.

"सगळेच करतेत. म्हटलं, आपणही करावा."

त्यात थट्टा नव्हती. मैनाबाई ताडकन उठल्या. भूपेश कामावर निघायला बूट घालत होता.

"ऑपरेशनचं काय केलं तू?"

"आई, या वयात कापाकापी? बाबाले काहून तरास द्यायचा? शांत आहेत ते आता." बोलताना त्याची नजर वर होती, फोटोवर.

"तुहा बाप खाली आहे, भूपेश. त्याच्याकडे पाहून बोल."

भूपेशने नजर खाली आणली. बापाचे हात अजून जोडलेलेच होते. ते वाक्य त्याला पुन्हा म्हणता येईना. एकाच पायात बूट घालून तो त्यांच्यापाशी गेला आणि त्याने ते हात सोडवले.

"बाबा, तुम्हाले काय वाटते? करायचं का ऑपरेशन?"

"करायचं ना गा," नानाजी लगेच म्हणाले. "मले मरायचं भेव वाटते."