दुकानात नेलेला रंधा

जरा खुट्ट झालं की ती आख्ख्या घराला उठवायची, म्हणून तिचं नाव पडलं टिटवी. घरात या सवयीला कुणी गुण म्हणत नव्हतं. गेमच्या टीममध्ये मात्र तिला जागा मिळाली ती याच सवयीवर. ती टीमचा कान होती. शत्रूची पावलं डावीकडून येतायत की मागून, जिन्यावरून की पत्र्यावरून, हे तिने ओळखायचं आणि माइकवर सांगायचं. बंदुका चालवायला बाकीचे होतेच.

पण अलीकडे ती डावं सांगायची आणि माणूस उजवीकडून उगवायचा. टीमचा कप्तान तिचा सख्खा मामेभाऊ, त्यामुळे त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"टिटवे, शनिवारच्या मॅचला असं झालं तर तू राखीव. तुझ्या जागेवर जाड्या टपूनच बसलाय."

"माझे कान ठणठणीत आहेत. हेडफोन गेलाय."

"हो हो. नाचता येईना, अंगण वाकडं."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं, कारण अंगण खरोखरच वाकडं होतं. तिच्या जुन्या हेडफोनचा एक कप चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून होता, आणि त्यात तोफ काय नि दाराची कडी काय, एकाच सुरात वाजायची.

शेवटी आजोबांनी नव्या हेडफोनला हो म्हटलं. भारीतला भारी घे, पण एकदाच. शाळा संपेपर्यंत पुन्हा हेडफोनचं नाव काढायचं नाही. म्हणजे निवड चुकली की संपलंच. टिटवीने कंबर कसली. शाळेतून आली की रिव्ह्यू, जेवताना रिव्ह्यू; आईने तर एकदा तिच्या ताटातली पोळी उचलून नेली, तरी बाईंना पत्ता नाही.

आईला घेऊन ती दुकानात गेली. तिथे ऐकून बघायला काचेची एक खोली होती. आत इतकी शांतता, की स्वतःचा आवंढा ऐकू यावा. चष्मेवाल्या सेल्समनने आधी काढला तो कपाभोवती दिवे लागणारा.

"गेमिंगला हाच जातो. बेस बघा, छाती हलते."

"मला छाती नाही हलवायची. पावलं ऐकायचीयत."

तिने दोन परीक्षा ठरवून आणल्या होत्या. एक, जुन्या मॅचचं रेकॉर्डिंग. दुसरी, आईच्या गायनवृंदाचं. गायनवृंदात आई दुसऱ्या रांगेत, अगदी डावीकडे उभी राहायची. त्या गर्दीत ज्या हेडफोनला आई सापडेल, तो खरा. दिवेवाल्यात आई ढोलाखाली गडप झाली. मग आला मागून जाळी असलेला, उघड्या कपांचा. तो कानाला लावला आणि जणू हॉलच्या भिंती मागे सरकल्या. दुसरी रांग. डावी बाजू. आई. टिटवीने तोच तुकडा पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि एक कप वर उचलला.

"आई, वरच्या सुराला तू गात नाहीस. नुसतं तोंड हलवतेस."

"हळू बोल," आई म्हणाली. "आमच्या गाण्याच्या बाईंना अजून कळलेलं नाही."

असा हेडफोन सोडायचा म्हणजे वेडेपणाच. घेतला.

घरी येऊन ती सरावाला बसली. तिची खोली आणि बाबांचा सुतारकामाचा कारखाना यांच्यामध्ये होती फळ्यांची एक भिंत. पावलं जवळ येत होती, तिने कान टवकारले, आणि पलीकडे बाबांनी रंध्याचं मशीन सुरू केलं. जाळीतून तो घर्र आवाज पाहुण्यासारखा थेट आत आला आणि पाय पसरून बसला. पावलं गेली. टीम गेली. कप्तान नुसतं "टिटवे" म्हणाला, आणि ते शिवीपेक्षा वाईट होतं.

बाबा दारात आले. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा.

"शनिवारी मी मशीन बंद ठेवतो."

"हा शनिवार ठेवशील. पुढचे?" टिटवीने हेडफोन परत खोक्यात घातला. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. "गावातल्या सगळ्यात शांत खोलीत बसून मी गावातल्या सगळ्यात गोंगाटाच्या खोलीसाठी हेडफोन निवडला, बाबा. चूक माझी आहे. तुझ्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून नेते आणि बदलून आणते."

रेकॉर्ड करून पाहिला. मोबाइलमधून रंधा डासासारखा गुणगुणला.

बाबांनी भुवयांवरचा भुसा झटकला. "मग मशीनच नेऊ की."

दुसऱ्या दिवशी बाबांनी पिशवीतून आधी जुनी चादर काढून अंथरली, तिच्यावर फळी ठेवली, वर मशीन. चष्मेवाला बघतच राहिला.

"बदलून देतो ना, खोकं नीट आहे. पण हे काय?"

"हे आमचं घर," टिटवी म्हणाली. "प्लग कुठाय?"

काचेच्या खोलीत ती पाय रोवून बसली. मागे बाबा फळी रंधत होते, ढलप्या उडत होत्या, बाहेरची गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी. दिवेवाल्याने रंधा बाहेर ठेवला खरा, पण पावलंही बाहेरच ठेवली. त्यानंतरचा कान दाबायचा. त्याच्या पुढच्यात डावं-उजवं कळायचं, पुढचं-मागचं नाही.

"ताई, आता एकच उरलाय," चष्मेवाला कानात बोटं घालून ओरडला. "कुणी मागत नाही. दिसायला काहीच नाही तो."

साधा काळा, बंद कपांचा, जाड गादीचा. तिने लावला. रंधा पार लांब गेला, शेजारच्या गल्लीत गेल्यासारखा. जुन्या मॅचमधली पावलं आली: मागून, उजवीकडून, पत्र्यावर. मग गायनवृंद. हॉल जरा लहान झाला होता. जाळीवाल्यातली ती मोकळी हवा नव्हती, आणि टिटवीला तिची चुटपुट लागलीच. पण दुसऱ्या रांगेत आई होती. वरच्या सुराला नव्हती.

"हाच," ती म्हणाली.

बाबांनी मशीन थांबवलं आणि सवयीने कपावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. "भरीव आहे."

शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी ते पुन्हा दारात आले. "बंद ठेवू का?"

"चालू ठेव."

बिनदिव्याच्या हेडफोनवरून कप्तानाने तिची यथेच्छ उडवली. "आजोबांचा रेडिओ उचलून आणलास की काय?" जाड्या राखीव म्हणून ऐकत होता, त्यालाही हसू आवरेना. टिटवीने गाद्या कानांवर नीट बसवल्या. फळ्यांपलीकडे रंधा घरघरत होता, त्याला घरघरू दिलं. आणि त्याच्या अलीकडे, अगदी हलकी, मांजरासारखी पावलं.

"मागे. उजवीकडे. पत्र्यावर."

"समोर असेल गं, दार तर समोर..."

"मागे वळ."

कप्तान वळला. पत्र्यावरून उडी मारणारा त्याच्या पुढ्यातच पडला.

यानंतर कुणी रेडिओचं नाव काढलं नाही. कप्तान आता दर वळणावर थांबून विचारायचा, "टिटवे, जाऊ का?" आणि ती सांगेपर्यंत हलायचा नाही.

थोड्या वेळाने रंधा थांबला. भुसाळलेलं डोकं दारातून आत आलं. "काय गं, जिंकलात?"

टिटवीने एक कप किंचित उचलला.

"हळू, बाबा. जिन्यात अजून एक जण आहे."