मंडळीची पांढरी ओढणी

मित्रांनो, मी एक जुनी ओढणी आहे, पांढऱ्या जाळीची आणि कडेला लेस लावलेली. ओतूरजवळच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत लग्न असलं की नवरीच्या डोक्यावर मी असते. एरवी आमच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकांच्या खोलीत, लोखंडी पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात एकटी पडून असते.

मंडळीतल्या बायकांनी मिळून मला शिवलं आणि त्यांच्यातल्याच बायडाबाईंच्या हवाली केलं. त्या मला रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. पोरांचा हात लागला तर खैर नसे. त्यांचा एक नियम होता. पेटी उघडण्याआधी त्या नवरीला विचारायच्या, लग्नाआधी काही चुकलं नाही ना? नवऱ्या मुलाला मात्र कोणी काही विचारत नसे.

मंडळीतली प्रतिभा माझी फार लाडकी. एकदा माझी लेस उसवली, तेव्हा तिनेच ती इतकी नाजूक शिवली की टाके मलाही शोधावे लागतात. मला डोक्यावर घ्यायचं हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. पुढे ती मंचरला कामाला गेली आणि ऋतिकबरोबर एकाच खोलीत राहू लागली. त्याच्याशीच लग्न ठरलं तसं तिचं मन तिला खाऊ लागलं. दोघं आपणहून पाळकांकडे आले. पाळकांनी आडपडदा ठेवला नाही. शरीर देवाचं मंदिर आहे, नवरा-बायकोसारखं राहणं लग्नानंतरच, तुमचं चुकलंच, असं ते म्हणाले. मग तेही दोघांबरोबर गुडघ्यावर बसले. लाखेसारखं लाल पाप देव बर्फासारखं पांढरं करतो, हेही त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून दोघं वेगळे राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायडाबाईंनी आपला प्रश्न विचारला. प्रतिभाने खरं ते सांगितलं.

"देवानं माफ केलंय आमाला," ती हळूच म्हणाली.

"केलं आसंल. पण ओढणी मंडळीची हाय."

पेटीची कडी लागलेलीच राहिली. पाळकांनी समजावलं, पण बायडाबाईंपुढे कोणाचं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी ऋतिक नव्या कोटात उभा राहिला आणि प्रतिभा साडीचा पदर डोक्यावर घेऊन. मी पेटीतून लग्नाची गाणी ऐकली. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

यंदा मंडळीतल्या वृषालीचं लग्न झालं. तोच प्रश्न आला. तिने पेटीच्या कडीकडे पाहिलं.

"प्रतिभाताईला न्हाई ना दिली तुमी?"

"न्हाई दिली."

"मग माजं काय बी चुकलं न्हाई," वृषाली म्हणाली.

बायडाबाईंना समाधान वाटलं. त्यांनी मला बाहेर काढलं. वृषालीला मी किती शोभते, असं सगळे म्हणत होते. ती मात्र मला सारखी पुढे ओढून तोंड लपवत होती; का, ते फक्त मला कळत होतं.

मित्रांनो, पेटीत राहून मी आता पिवळी पडले आहे. रिठ्यानेही डाग जात नाहीत. पावित्र्य जपा, ते मोलाचं आहे. पण चुकलेलं माणूस खरं सांगायला आलं, तर कडी लावू नका. आणि मला एकदा तरी प्रतिभाच्या डोक्यावर घाला. तिचे टाके अजून माझ्या कडेला आहेत.