खांबावरून आलेली हाक

मित्रांनो, जरा मान वर करा. तळ्याकाठच्या खांबावर गंज चढलेला, तोंड वासून बसलेला जुना भोंगा दिसतो ना? तोच मी. मला दिसते, ऐकू येते. पण स्वतःचे म्हणून एक अक्षर बोलता येत नाही. फाटकाजवळच्या कार्यालयातली निवेदक ताई जे बोलते, तेच माझ्या तोंडून बाहेर पडते.

कारखान्यात पत्रा वळवून, करडा रंग लावून मला या उद्यानात आणले, तेव्हा माझा थाट काय विचारता! सुटीच्या दिवशी सारे शहर येथे लोटायचे. हरवलेली मुले, विसरलेल्या छत्र्या, बंद होणाऱ्या होड्या, सगळ्यांची खबर मीच द्यायचो. मूल सापडले की आया मला दुवा द्यायच्या. पण एका दुपारी मी असा काही गोंधळलो, की अजून सावरलेलो नाही.

त्या दुपारी ताईने एका आजींचे नाव पुकारले. निळा स्वेटर, पांढरे केस, हातात कापडी पिशवी. "असाल तिथून कार्यालयात या, आजोबा वाट पाहताहेत."

मी खाली पाहिले, तर त्या आजी माझ्याच खांबाखालच्या बाकावर पाय हलवत बसलेल्या! ताईने पुन्हा नाव पुकारले. आजींनी कान देऊन ऐकले आणि झाडांना पाणी घालणाऱ्या माळीकाकांना म्हणाल्या, "कुणाची तरी बाई हरवलीय हो. घरचे किती घाबरले असतील!"

पाण्याच्या आवाजात काकांना धड ऐकू गेले नाही. "हो ना," म्हणत ते पाईप ओढत पुढे गेले.

मी चक्रावलो. माझा आवाज बिघडला की काय? की निळ्या स्वेटरच्या आजी दोन आहेत? "अहो, तुम्हीच त्या!" असे ओरडावेसे वाटले; पण तोंड माझे असले, तरी शब्द माझे नव्हते. तेवढ्यात आजी उठल्या आणि तळ्याला कठडा नाही, नेमक्या त्या बाजूला चालू लागल्या.

इतक्यात माझ्यातून खोकला ऐकू आला. ताईने माईक आजोबांच्या हाती दिला होता.

"यातच बोलायचं का? अगं ए ठेंगू! कुठे गेलीस? मी एकटा काय करू इथे?"

आजी गर्रकन वळल्या. तरातरा खांबाशी आल्या आणि वर बघून रागावल्या, "अहो, तिथे वर काय करताय? पडाल ना! आधी खाली उतरा!"

माळीकाकांच्या हातातला पाईप गळून पडला. त्यांनी एकदा आजींकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग आजींना बाकावर बसवून त्यांनी कार्यालयात निरोप पाठवला.

थोड्या वेळाने आजोबा धापा टाकत आले. आजींनी त्यांचे मनगट घट्ट धरले. "या वयात एवढ्या उंच चढतात का?"

"चुकलं माझं," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "आता नाही चढणार."

स्वतःचे नाव परके वाटणाऱ्या आजी त्या एका हाकेला कशा वळल्या? मला काही उमगत नाही. आता लोकांच्या खिशात फोन आले, माझा घसा खरखरतो, रंग लावायला कुणी येत नाही. तेही असो. पण मित्रांनो, कुणी खांबाशी बोलताना दिसले तर हसू नका. त्यांचा हात धरा. आणि आज घरी गेलात की आजीला एवढे विचाराच, "आजी, तुला लाडाने कोण काय म्हणायचं?"