बाईसाहेब पालथ्या पडल्या

आमच्या पाळणाघरातला एक नियम भिंतीवर लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. मूल इथे पहिल्यांदा पालथं पडलं, बसलं, पाऊल टाकलं, तरी आईला सांगायचं नाही. पाळणाघर चालवणाऱ्या मावशी म्हणतात, "पहिलं ते आईचं." दोन-तीन दिवसांत मूल तेच घरी करून दाखवतं, आई सकाळी धावत येऊन सांगते आणि आम्ही तोंडाचा आ करतो. सहा वर्षांत मी त्यात तरबेज झाले आहे. एका आईने तर विचारलं, "ताई, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, "आनंदाने." सर्दी झाली होती.

मुलांच्या वह्या माझ्याकडे असतात. किती दूध, किती झोप, किती लंगोट. आयांच्या नोंदी मनात. काही जणी मूल हातात देऊन पळ काढतात, काही दारातच मुक्काम ठोकतात. ज्या सगळ्यात मोठ्याने हसून निरोप घेतात, त्या कोपऱ्यावर वळल्या की डोळे पुसतात.

बाटलीवाली ही तिसऱ्या जातीची. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती तपासणीला आहे. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे पांढरा दिवा असतो. बुडबुडा, तडा, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलायची आणि बाजूला टाकायची. आठ तास हेच करून आलेली बाई संध्याकाळी पोरीलाही तशीच दोन्ही हातांत धरून उजेडाकडे करते. पोरगी साडेसहा महिन्यांची. आम्ही तिला बाईसाहेब म्हणतो, कारण उताणं पडून छताची पाहणी करणं हा तिचा मुख्य उद्योग. खुळखुळा हातातून पडला तर ती आमच्याकडे बघते. उचला.

बाईसाहेबांना एक चुलतभाऊ आहे, बारा दिवसांनी लहान. तो पाचव्या महिन्यातच पालथा पडला आणि आता पोटावर सरकत सगळं घर पुसून काढतो. त्याची आई, म्हणजे बाटलीवालीची जाऊ, रोज त्याचा व्हिडिओ पाठवते. खाली लिहिते, 'तुमच्याकडे काय नवीन?'

"आज काही?" बाटलीवाली मला रोज विचारायची.

"काही नाही."

गेले नऊ दिवस हे धडधडीत खोटं होतं. मागच्याच्या मागच्या मंगळवारी बाईसाहेब आमच्या निळ्या चादरीवर पालथ्या पडल्या, आणि तेव्हापासून रोज पडतात.

आज सकाळी मात्र ती हसली नाही. "मावशी, महिनाअखेरपर्यंतच ठेवीन हिला. उद्या राजीनामा देतेय. पोर मागे पडतंय. सासूबाई बोलतात ते खरंच आहे, मी तीन महिन्यांत कामावर निघून गेले, त्याची ही फळं."

ती गेल्यावर मी म्हटलं, "सांगून टाकू या."

"एवढी वर्षं नाही सांगितलं."

"एवढ्या वर्षांत यापायी कुणी नोकरी सोडायला नव्हतं निघालं."

"घरी करेल गं आज ना उद्या."

"नऊ दिवस झाले, मावशी. घरी तिला खाली ठेवतं कोण? सहापासून झोपेपर्यंत कडेवर. दिवसभराची भरपाई, असं ती स्वतःच सांगते. सुट्टीच्या दिवशी आजीच्या मांडीवर. कडेवर कुणी पालथं पडतं?"

मावशी बाटल्या उकळत होत्या. चिमटा हातात तसाच राहिला. "माझ्या थोरल्याचं पहिलं पाऊल मला शेजारणीने सांगितलं," त्या म्हणाल्या. "आपल्या ताटातलं दुसऱ्याने खाऊन वर चव सांगावी, तसं झालं होतं बघ. आजही तिच्यावर राग आहे माझा. ती वारली, तरी आहे."



संध्याकाळी मावशींनी आडवळणाने सुरुवात केली. "आज घरी जरा सतरंजीवर ठेव हिला. पाठ मोकळी होते."

"दिवसभर खालीच असते ना ती? घरी तरी नको." तिच्या पिशवीतून लांबट पाकीट डोकावत होतं. मावशींनी ते पाहिलं. मी तोंड उघडणार, तोच त्या बोलल्या, "ती पालथी पडते. नऊ दिवस झाले."

बाटलीवालीने मावशींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "रोज विचारत होते मी, ताई. रोज."



"दाखवा," ती म्हणाली.

बाईसाहेबांना निळ्या चादरीवर ठेवलं. त्यांनी छताची पाहणी केली. मी खुळखुळा वाजवला, मावशींनी टाळ्या वाजवल्या. बाईसाहेबांनी जांभई दिली.

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय." ती म्हणाली. "आधी काही नाही म्हणालात, आता हे. मी कशावर विश्वास ठेवू?"

तेव्हा साठी उलटलेल्या मावशींनी पदर खोचला आणि त्या सरळ चादरीवर, बाईसाहेबांच्या शेजारी आडव्या झाल्या. "हे बघ. आधी पाय वर. मग हा गुडघा असा पलीकडे. इथे दमली, थांबली. मग खांदा. आणि हात खाली अडकला."

"कुठला हात?"

"उजवा. मग मान वर काढली, कासवासारखी."

"तोंड कसं होतं?"

"ओठ आत ओढलेले. नाकाने फूं फूं."

बाटलीवाली खाली बसली. "दूध कमी आलं की असंच करते ती," ती हळूच म्हणाली. मग बराच वेळ तिने पोरीच्या ओठांकडे पाहिलं.

"आता मला उठवा गं," मावशी चादरीत तोंड खुपसून म्हणाल्या. "माझाही हात अडकलाय." आम्ही दोघींनी त्यांना उताणं केलं. बाटलीवाली हसली, आणि हसता हसता रडलीही.

निघताना ती दारात थांबली. "पडल्यावर हसली का?"

"छे. भेदरली," मावशी म्हणाल्या. "हे मोठं भोकाड!"

"मग?"

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. "हिने घेतलं."

"लगेच?"

"हातातलं पातेलं टाकून धावले," मी म्हटलं. "पोचा आलाय त्याला."

"बघू."

मी पातेलं आणलं. पोरीला कडेवर घेऊन तिने ते दिव्याखाली धरलं, फिरवलं, पोच्यावरून अंगठा फिरवला. पोचा चांगला खोल होता.

"उद्या पहिली पाळी आहे," पातेलं परत देत ती म्हणाली. "सातच्या आत आणते हिला." आणि डोकावणारं पाकीट तिने पिशवीत पार तळाशी दाबलं.