युलिसकाकांच्या थडग्याची सफेदी

तूसांच्या दिवशी, म्हणजे सगळ्या संतांच्या सणाला, थडग्याला चुना लागला नाही, तर आमच्या खाडीकाठी घरच्यांना कुणी माणसांत धरत नाही. लिओंटीनमावशीजवळ युलिसकाकांचं फक्त थडगंच उरलं होतं. तेलकंपनीवाल्यांनी कालवे खणले, त्यातून खारं पाणी शिरलं आणि दलदलीची जमीन विरघळत गेली. मागच्या वादळात काकांची शवपेटी जमिनीवर बांधलेल्या थडग्यातून वाहून गेली, ती गेलीच.

मग न्यू ऑर्लिन्सहून हॅडली नावाची कलाकार आली. बुडणाऱ्या किनाऱ्याबद्दल ती एक कलाकृती करत होती. तिने ते रिकामं थडगं मागितलं.

"कोरड्या जागी, जिवापाड जपून ठेवीन," ती म्हणाली.

मावशी विरघळली. तिला वाटलं, चला, नवऱ्याला उंचावर जागा मिळाली. थडगं उचलून शहरातल्या संग्रहालयात नेलं आणि पुढच्या हिवाळ्यात दफनभूमीही पाण्याखाली गेली.

तूसांला मावशी सकाळीच माझ्या ट्रकमध्ये येऊन बसली. मांडीवर चुन्याची बादली, पिशवीत ब्रश आणि शेवंतीची फुलं. संग्रहालयाच्या दारावर देणगीदारांची नावं कोरलेली होती, सगळ्यात वर तेलवाले. मला थुंकावंसं वाटलं.

रखवालदाराने बादली बघून विचारलं, "आज कार्यक्रम आहे का तुमचा?"

"माझ्या नवऱ्याचा आहे," मावशी म्हणाली. त्याने आत सोडलं.

आत अंधार, कुठूनतरी लाटांचा आवाज, आणि मधोमध उजेडात काकांचं थडगं. कमरेइतका चिखलाचा पट्टा, त्यात रुतलेले शिंपले. लोक भोवती दबक्या आवाजात बोलत होते.

"अरे देवा, ओनेझिम," मावशी मला म्हणाली, "हिने याला साधा पाण्याचा हातसुद्धा लावला नाही रे!"

ती गुडघ्यावर बसली, शिंपले खरवडले, चिखल पुसला आणि चुना फासायला लागली. लोक फोटो काढू लागले. एकाने टाळ्या वाजवल्या. अर्धी बाजू पांढरी झाली, तेवढ्यात हॅडली धावत आली.

"लिओंटीन, थांबा! तो चिखल हीच तर कलाकृती आहे!"

"चिखल हवा होता तर माझ्या अंगणातून न्यायचास. हा नवरा आहे माझा."

"पण थडगं रिकामं आहे ना?"

मावशीच्या हातातला ब्रश थांबला. रखवालदारांनी आम्हाला बाहेर काढलं. शेवंतीची फुलं पिशवीतच राहिली.

आठवड्याने हॅडलीचा फोन आला. आवाज मऊ. चुना काढायला तज्ज्ञ आणले होते. आता चिखलाचा पट्टा पुन्हा हुबेहूब उठवायचा होता, म्हणून माझ्या बोटीतून जुन्या दफनभूमीच्या तळाचा थोडा चिखल काढून हवा होता. तिथलाच हवा, रंग जुळायला.

मी मावशीकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. कोळंबी सोलता सोलता ती म्हणाली, "काढ म्हणते तर काढ. म्हणावं, त्यात युलिस सापडला, तर तेवढा धुऊन मला परत कर."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे हॅडली बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, रडतेय.

"हे वाक्य," शेवटी ती म्हणाली, "भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं तर चालेल का त्यांना?"